वडिलांच्या गूगल खात्यातली १५ जीबी भरली: फोटो न गमावता जागा कशी करायची?

पंचगंगा

वडिलांच्या गूगल खात्याची फुकटची १५ जीबी जागा पूर्ण भरली आहे. जीमेलवर नवे मेल येणं बंद झालंय. बँकेचं स्टेटमेंट आणि म्युच्युअल फंडाची पावती दोन्ही परत गेल्या. स्टोरेजच्या पानावर असे आकडे दिसतात: फोटो ९.८ जीबी, व्हॉट्सॲपचा बॅकअप २.६, जीमेल २.१, ड्राइव्ह ०.५.

फोन अँड्रॉइड, १२८ जीबीचा, त्यात ४० जीबी अजून मोकळी. घरी विंडोजचा लॅपटॉप आणि १ टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क आहे. फोटो २०१६ पासूनचे आहेत आणि मधल्या काळात फोन दोनदा बदललाय, त्यामुळे बरेच जुने फोटो फक्त गूगलवरच आहेत.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, फोटो क्लाउडवरून काढले तर फोनमधूनही जातात का? दोन, टेकआउटने (गूगल खात्यातला डेटा उतरवून घ्यायची सोय) फोटो उतरवले की तारखा बिघडतात असं वाचलंय, ते कसं टाळायचं? तीन, हे सगळं करण्यापेक्षा पैसे भरून मोकळं व्हावं का?

कीबोर्डकर

आधी मेल सुरू करा. फोटोंना आज हातही लावू नका. जागा भरल्याच्या घाईत चुकीचं बटण दाबलं जातं आणि गेलेले फोटो परत येत नाहीत. मेल सुरू व्हायला २-३ जीबी सुटली तरी पुरे, आणि ती व्हॉट्सॲप आणि जीमेलमधूनच सुटेल.

व्हॉट्सॲप: सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप या वाटेने जा. तिथे 'इन्क्लूड व्हिडिओज' चालू असेल तर बंद करा आणि 'बॅक अप' दाबा. नवा बॅकअप जुन्याच्या जागी बसतो, त्यामुळे व्हिडिओंचं वजन लगेच उतरतं. व्हिडिओ फोनमध्ये राहतातच, पण बॅकअपमध्ये नसतात. म्हणून त्याआधी फोन केबलने लॅपटॉपला जोडून व्हॉट्सॲपचा मीडिया फोल्डर कॉपी करून घ्या. नव्या अँड्रॉइडमध्ये तो मुख्य स्टोरेजमध्ये 'अँड्रॉइड', त्यात 'मीडिया', त्यात व्हॉट्सॲपच्या नावाच्या फोल्डरात असतो. केबल लावल्यावर फोनवर 'फाइल ट्रान्सफर' निवडावं लागतं, नाहीतर लॅपटॉपवर फोल्डर रिकामा दिसतो.

कॉपी झाल्यावर व्हॉट्सॲपच्या 'स्टोरेज अँड डेटा' मध्ये 'मॅनेज स्टोरेज' उघडा. ५ एमबीपेक्षा मोठ्या आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या फाइली तिथे वेगळ्या दिसतात. सुप्रभातची चित्रं, आरत्यांचे व्हिडिओ, सोसायटीच्या सभेचे पीडीएफ, सगळं तिथे सापडतं. मात्र इथून काढलेलं फोनमधूनही जातं हे लक्षात ठेवा.

व्हॉट्सॲपचे बॅकअप पूर्वी गूगलच्या जागेत मोजले जात नसत. डिसेंबर २०२३ पासून ते टप्प्याटप्प्याने मोजायला लागले. ज्यांची खाती वर्षानुवर्षं १२ जीबीवर स्थिर होती ती त्यानंतर एकदम काठावर आली, त्याचं मोठं कारण हे.

जीमेल: हे काम लॅपटॉपवरच्या ब्राउझरमध्ये करा. सर्चच्या चौकटीच्या उजव्या टोकाला फिल्टरचं चिन्ह आहे, त्यात साइज 'ग्रेटर दॅन' ५ एमबी भरा. जे येईल ते डोळ्यांखालून घालून, हवी ती अटॅचमेंट उतरवून, मेल काढा. फक्त अटॅचमेंट काढून मेल ठेवायची सोय जीमेलमध्ये नाही. त्यानंतर प्रमोशन्सचा टॅब. एकेक मेल ५०-१०० केबीचाच असतो, पण २०,००० मेल असतील तर दीड जीबीच्या आसपास जातात. वरचा चौकोन टिक केला की एका पानावरचे ५० निवडले जातात आणि वर एक ओळ येते, 'या शोधातले सगळे निवडा' अशा अर्थाची. ती दाबल्याशिवाय पुढची पानं निवडली जात नाहीत. शेवटी बिन (काढलेल्या मेलचा फोल्डर) रिकामा करा. बिनमधले मेलही ३० दिवस जागा खातात. आकडा खाली यायला कधी कधी एक दिवस लागतो, म्हणून लगेच बदल दिसला नाही तर पुन्हा पुन्हा काढत बसू नका.

खातं भरलेलं असताना परत गेलेले मेल नंतर आपोआप येत नाहीत. म्युच्युअल फंडांचं एकत्रित स्टेटमेंट कॅम्स किंवा केफिनटेक (फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्या) यांच्या साइटवरून पुन्हा मागवता येतं, बँकेचं नेटबँकिंगमधून काढा.

रोहिडा

कीबोर्डकरांनी सांगितलेला क्रम बरोबर आहे. फोटोंच्या बाबतीत मात्र एक गोष्ट आधी समजून घ्या, नाहीतर मेहनत फुकट जाईल.

गूगल फोटोज मे २०१५ मध्ये आलं तेव्हा 'हाय क्वालिटी'मध्ये (थोडे दाबून लहान केलेले) कितीही फोटो फुकट ठेवता येत होते. ही सवलत १ जून २०२१ ला संपली. त्या तारखेआधी हाय क्वालिटीत चढवलेले फोटो आजही १५ जीबीत मोजले जात नाहीत. म्हणजे २०१६ ते मे २०२१ मधले फोटो काढून तुम्हाला बहुधा एक एमबीही मिळणार नाही, आणि तुम्हीच म्हणताय की तेच फोटो दुसरीकडे कुठेही नाहीत. लोक नेमके जुन्यापासून काढायला सुरुवात करतात. इथे उलटं करायचं.

खात्री करायची असेल तर ब्राउझरमध्ये एखादा २०१९ चा फोटो उघडा आणि 'आय' अक्षराचं चिन्ह दाबा. तो खात्यातली जागा घेतो की नाही हे तिथे लिहिलेलं असतं. प्रत्येक वर्षातले चार-पाच तपासले की चित्र स्पष्ट होईल. तेव्हा वडिलांनी दर्जा 'ओरिजिनल' (न दाबलेला मूळ फोटो) ठेवला असेल तर ते मोजले जात असतील, म्हणून तपासणं गरजेचं.

याच्याशी जोडलेली दुसरी गोष्ट: हे न मोजले जाणारे फोटो उतरवून दुसऱ्या खात्यात, किंवा याच खात्यात पुन्हा चढवू नका. पुन्हा चढवलेला फोटो नव्या नियमाने मोजला जातो. ते जिथे आहेत तिथेच राहू द्या आणि त्यांची एक प्रत बाहेर काढा.

आता पहिला प्रश्न. हो, जातात. बॅकअप चालू असताना गूगल फोटोजच्या ॲपमधून फोटो काढला की तो क्लाउड आणि फोन दोन्हीकडून जातो. ब्राउझरमधून काढला तरी फोनशी ताळमेळ (सिंक) लागताना तो फोनमधूनही काढायचा प्रश्न येतो. 'फ्री अप स्पेस' हे बटण याच्या उलट आहे: ते क्लाउडवर पोचलेल्या फोटोंच्या फोनमधल्या प्रती काढतं. क्लाउड भरलेलं असताना ते दाबलं तर उपयोग शून्य, आणि फोनमधली प्रत मात्र गेली.

फोनमध्ये प्रत ठेवून फक्त क्लाउडवरून काढायचं असेल तर ॲपच्या बॅकअप सेटिंग्जमध्ये 'अनडू डिव्हाइस बॅकअप' असा पर्याय आता आला आहे. या फोनमध्ये आत्ता जे फोटो आहेत त्यांच्या क्लाउडवरच्या प्रती तो काढतो आणि या फोनचा बॅकअप बंद करतो. जुन्या फोनमधले, फक्त क्लाउडवर असलेले फोटो त्याने हलत नाहीत. एखादा फोटो फोनमध्ये खरंच आहे का हे बघायला तो ॲपमध्ये उघडून वर सरकवा. फोनमधल्या फोल्डरचा पत्ता दिसला तर प्रत आहे, नुसताच बॅकअपचा उल्लेख असेल तर नाही.

जागा खाणारे असतात ते जून २०२१ नंतरचे व्हिडिओ. स्टोरेज मॅनेजमेंटच्या पानावर 'लार्ज फोटोज अँड व्हिडिओज' अशी यादी मिळते. ९.८ जीबीतले निम्म्याहून अधिक तिथे सापडले तर नवल वाटणार नाही.

पंचगंगा

दोघांचेही आभार. 'आय' दाबून पाहिलं. २०१६ ते २०२१ च्या सुरुवातीपर्यंतचे तपासलेले सगळे फोटो जागा घेत नाहीत. मोठ्या व्हिडिओंच्या यादीत ६ जीबीपेक्षा जास्त निघालं, त्यात एका लग्नाचे फोर-के व्हिडिओ आहेत. व्हॉट्सॲप आणि प्रमोशन्स साफ केल्यावर ३ जीबी सुटली, मेल यायला लागले.

आता टेकआउटचं सांगा. मला सगळ्या वर्षांची प्रत डिस्कवर हवी आहे, तारखांसकट.

इंद्रायणी७

टेकआउट चांगली सोय आहे, २०११ पासून आहे, पण तिची रचना माहीत नसेल तर उतरवलेला ढीग बघून माणूस घाबरतो. सविस्तर लिहिते.

सुरू करण्याआधी वडिलांच्या खात्याची भाषा मराठी असेल तर ती इंग्रजी करा. टेकआउटमधल्या फोल्डरांची नावं खात्याच्या भाषेत येतात आणि नंतर वापरायची बहुतेक टूल्स इंग्रजी नावं शोधतात. काम झालं की भाषा परत मराठी करा.

टेकआउटच्या पानावर आधी 'डीसिलेक्ट ऑल' दाबा, नाहीतर यूट्यूबपासून नकाशांपर्यंत सगळं येतं. मग फक्त गूगल फोटोज निवडा. पुढच्या पायरीवर 'ईमेलने लिंक' ठेवा. 'ॲड टू ड्राइव्ह' निवडू नका, कारण ती झिप (अनेक फाइली एकत्र बांधलेली फाइल) त्याच १५ जीबीत येऊन बसते. फाइलचा प्रकार झिप, आकार १० जीबी. ५० जीबीचा एकच तुकडा घेतला आणि नेट मध्येच तुटलं तर सगळं पहिल्यापासून. २ जीबी घेतलं तर तुकडे फार होतात. लिंक यायला काही तास ते एक-दोन दिवस लागतात, आणि आल्यावर ती सात दिवसच चालते. म्हणून घरचं नेट नीट असेल त्याच आठवड्यात विनंती टाका. न मोजले जाणारे जुने फोटोही यात येणार, त्यामुळे एकूण वजन ९.८ जीबीपेक्षा बरंच जास्त निघेल. डिस्कवर त्या हिशेबाने जागा ठेवा.

सगळे तुकडे आले की झिप उघडणाऱ्या सेव्हन-झिप या प्रोग्रॅमने प्रत्येकावर 'टेस्ट' चालवा. अर्धवट उतरलेली झिप इथेच पकडली जाते. मग सगळे तुकडे एकाच फोल्डरात उघडा. ही पायरी महत्त्वाची आहे: फोटो एका झिपमध्ये आणि त्याची माहितीची फाइल दुसऱ्याच झिपमध्ये असं होतं. वेगवेगळ्या फोल्डरांत उघडलं तर दोघांची गाठ पडत नाही आणि तारीख हरवते. फोल्डर डी ड्राइव्हच्या मुळाशी, एक-दोन अक्षरी नावाचा करा. विंडोजला २६० अक्षरांपेक्षा लांब पत्ते अजूनही अनेक ठिकाणी झेपत नाहीत, आणि 'सत्यनारायण पूजा आणि गृहप्रवेश' असं अल्बमचं नाव असेल तर आत लांब नावाची फाइल सहज अडकते.

आता तारखांचं. कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोच्या आतच एक्झिफ नावाची नोंद असते, त्यात तारीख असते आणि ती टेकआउटमध्ये शाबूत येते. विंडोजच्या 'डेट मॉडिफाइड' स्तंभात आजची तारीख दिसते म्हणून लोक घाबरतात. तो स्तंभ सोडा, 'डेट टेकन' बघा. खरी अडचण व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंची आणि स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंची. व्हॉट्सॲप पाठवताना एक्झिफ काढून टाकतं, आणि स्कॅन केलेल्या फोटोची तुम्ही गूगलमध्ये हाताने भरलेली १९७८ सारखी तारीख फोटोच्या आत जातच नाही. ती फक्त शेजारच्या जेसन फाइलमध्ये, म्हणजे वर सांगितलेल्या माहितीच्या फाइलमध्ये असते. म्हणून जेसन फाइली कचरा समजून काढू नका.

या जेसनमधली माहिती फोटोत परत बसवायला 'गूगल फोटोज टेकआउट हेल्पर' नावाचं फुकट टूल आहे, किंवा कमांड लिहायला हात बसला असेल तर एक्झिफटूल (एक्झिफ नोंदी बदलायचं टूल). दोन ठिकाणी गडबड होते. पहिली, जेसनच्या नावाची. गूगलने मध्यंतरी त्याचा साचा बदलला, नावात 'सप्लिमेंटल मेटाडेटा' हे शब्द घातले, आणि नाव लांब झालं की ते मध्येच कापलं जातं. जुनं टूल वापरलं तर शेकडो फोटोंना जोडीदार सापडत नाही. टूलची सगळ्यात नवी आवृत्तीच घ्या. दुसरी, वेळेची. जेसनमधली वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते, आपण साडेपाच तास पुढे. टूलने ती तशीच लिहिली तर रात्री १२ ते पहाटे ५:३० मधले फोटो आदल्या दिवशी जातात. १ जानेवारीला १२:१० ला काढलेला फोटो ३१ डिसेंबरच्या संध्याकाळी ६:४० ला दिसतो. मध्यरात्रीनंतरचा एखादा फोटो शोधून त्यावर आधी चाचणी घ्या, मग सगळ्यांवर चालवा. आणि चालवायचं ते प्रतीवर. मूळ झिप जशाच्या तशा ठेवा.

व्हॉट्सॲपच्या चित्रांना आणखी एक आधार आहे. त्यांच्या नावातच तारीख असते: 'आयएमजी', मग आठ आकडे, मग 'डब्ल्यूए' आणि अनुक्रमांक. २०१९०९१४ म्हणजे १४ सप्टेंबर २०१९. जेसन नसेल तेव्हा यावरून तारीख बसवता येते. फक्त ती फोटो मिळाल्याची तारीख असते, काढल्याची नव्हे.

अजून एक, अल्बममधला फोटो टेकआउटमध्ये दोनदा येतो: एकदा वर्षाच्या फोल्डरात, एकदा अल्बमच्या. लगेच नकला काढायला जाऊ नका, नाहीतर अल्बम मोडतात. टेकआउट हेल्परला अल्बमसाठी फक्त शॉर्टकट बनवायला सांगता येतं, ते करा.

तांबडीमाती

तिसऱ्या प्रश्नाबद्दल माझं मत: पैसे भरा. १०० जीबीचा प्लॅन बरीच वर्षं महिन्याला १३०, वर्षाला १३०० रुपये असा राहिला आहे, आणि कुटुंबातल्या आणखी पाच जणांबरोबर वाटून घेता येतो. वडिलांना शिकवायला काही नवं नाही, फोन हरवला तरी कालचा फोटो सुरक्षित. डिस्कवरची प्रत तुम्ही कराल तेव्हाच ताजी होणार, आणि हे काम मागे पडतं.

फक्त प्लॅन घेताना त्यातून बाहेर कसं पडायचं हेही बघून ठेवा. ३०-४० जीबी झाल्यावर पैसे भरणं थांबवलं तर नवं काही चढत नाही, मेल पुन्हा बंद होतात, आणि मर्यादेबाहेर दोन वर्षं राहिल्यास मजकूर काढून टाकण्याचा हक्क कंपनीने नियमांत ठेवला आहे. दोन वर्षं अजिबात न वापरलेलं खातंही आता काढलं जाऊ शकतं.

इंद्रायणी७

तांबडीमाती, प्लॅनला माझा विरोध नाही, पण प्लॅन घेतला म्हणून दुसरी प्रत नको असं कुणी समजू नये. क्लाउड हा बॅकअप नाही, तो ताळमेळ आहे. वडिलांच्या हातून फोनवर फोटो गेला की क्लाउडवरूनही जातो, बिनमध्ये ६० दिवस राहतो आणि संपतो. खातंच लॉक झालं, पासवर्ड हरवला आणि रिकव्हरीचा नंबर जुना असेल, तर फोटो, मेल, सगळं एकदम बंद.

आणि अटी बदलतात, हा या धंद्याचा स्वभाव आहे. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. आपल्याकडच्या कितीतरी कॉलेजांच्या कम्युनिटीतले फोटो आणि गप्पा वेळेत न उतरवल्यामुळे गेल्या. गूगलचंच पिकासा, फोटोंचं जुनं ठिकाण, २०१६ मध्ये गेलं. फोटो ठेवायच्या फ्लिकर या साइटने २०१३ मध्ये एक टीबी फुकट दिली आणि २०१९ मध्ये फुकट खात्यांना १,००० फोटोंची मर्यादा घातली. गूगलची गोष्ट रोहिडांनी वर सांगितलीच. यात कुणी फसवलं असं म्हणणं नाही, डिस्क आणि वीज कुणालाच फुकट मिळत नाही. पण त्या सवलतीवर आपण दहा वर्षांचे फोटो टाकतो तेव्हा बाहेर यायची वाट आपल्या हातात असायला हवी. युरोपात मे २०१८ पासून आपला डेटा उचलून दुसरीकडे न्यायचा हक्क कायद्यानेच आहे. आपल्याकडे २०१९ च्या डेटा संरक्षण विधेयकात तो होता, २०२३ च्या कायद्यात राहिला नाही. म्हणून टेकआउटसारखी सोय कंपनी देते आहे तोवर ती वर्षातून एकदा तरी वापरावी असं मला मनापासून वाटतं.

कीबोर्डकर

डिस्कबद्दल थोडं, कारण सगळं तिच्यावर येऊन थांबतं.

एक डिस्क म्हणजे एकही नाही. दोन घ्या, शक्यतो वेगवेगळ्या कंपनीच्या किंवा वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या, आणि एक दुसऱ्या घरी ठेवा: गावी, बहिणीकडे, कुठेही. कपाटात वर्षभर पडून राहणार असेल तर फिरती हार्ड डिस्क एसएसडीपेक्षा (आत फिरणारे भाग नसलेल्या डिस्कपेक्षा) बरी. एसएसडी आणि पेनड्राइव्ह विजेशिवाय फार काळ पडले तर त्यांतला साठवलेला भार हळूहळू उतरतो. पेनड्राइव्हवर ही एकमेव प्रत कधीच ठेवू नका. अगदी स्वस्तातल्या 'दोन टीबी'च्या पेनड्राइव्हमध्ये प्रत्यक्षात ३२ किंवा ६४ जीबीच असतात: कॉपी झाल्यासारखं दिसतं, नावं दिसतात, उघडायला गेलं की फाइल रिकामी. नवा ड्राइव्ह आणला की एचटू-टेस्ट-डब्ल्यू नावाच्या छोट्या टूलने पूर्ण भरून, वाचून बघायचा, मगच वापरायचा.

फॉरमॅट (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत): फक्त विंडोज असेल तर एनटीएफएस. मॅकलाही लावायची असेल तर एक्सफॅट, पण तिथे 'सेफली रिमूव्ह' न करता केबल ओढली किंवा कॉपी चालू असताना वीज गेली तर फोल्डरच बिघडायची शक्यता जास्त. फॅट-३२ नको, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, आणि लग्नाचे फोर-के व्हिडिओ तिथेच अडतील.

कॉपी करायला फ्रीफाइलसिंक (दोन फोल्डर ताडून सारखे करणारा प्रोग्रॅम) वापरा. पहिल्यांदा कॉपी झाली की तुलनेचा प्रकार 'फाइल कंटेंट' करून पुन्हा एकदा चालवा. तो दोन्हीकडची प्रत्येक फाइल बाइटगणिक वाचतो, १०० जीबीला तास-दीड तास सहज जातो, पण फरक शून्य आला की निर्धास्त. हे होईपर्यंत क्लाउडवरून काहीही काढू नका. सहा महिन्यांनी डिस्क लावून वेगवेगळ्या वर्षांतले दहा-वीस फोटो आणि दोन-तीन व्हिडिओ प्रत्यक्ष उघडून बघा. यादीत नाव दिसणं पुरेसं नाही.

लग्नाचे व्हिडिओ दोन्ही डिस्कवर तपासून झाले की तेवढेच क्लाउडवरून काढा. ६ जीबी तिथेच सुटतात. फोटोंना हात लावायची गरजच राहत नाही.

रोहिडा

एक पर्याय अजून कुणी सांगितला नाही. गूगल फोटोजच्या सेटिंग्जमध्ये 'रिकव्हर स्टोरेज' आहे. ते खात्यातले ओरिजिनल फोटो-व्हिडिओ 'स्टोरेज सेव्हर'मध्ये बदलतं: १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठा फोटो १६ वर येतो, १०८० पीपेक्षा मोठा व्हिडिओ १०८० पीवर. फोर-के व्हिडिओंवर यातून बरीच जागा सुटते. परत फिरता येत नाही, म्हणून मूळ प्रत डिस्कवर पोचल्यावरच. वडिलांना ते व्हिडिओ फोनवर अधूनमधून बघायचे असतील तर काढण्यापेक्षा हे बरं. १६ मेगापिक्सेलचा फोटो ए-४ आकारात छापला तरी डोळ्यांना फरक दिसत नाही.

पुन्हा भरू नये म्हणून गूगल फोटोजच्या 'बॅक अप डिव्हाइस फोल्डर्स' मध्ये व्हॉट्सॲप इमेजेस आणि व्हॉट्सॲप व्हिडिओ बंद करा, नुसता कॅमेऱ्याचा फोल्डर ठेवा. दर्जा स्टोरेज सेव्हर करा. व्हॉट्सॲपमध्ये मोबाइल डेटा आणि वायफाय दोन्हीवर व्हिडिओचं ऑटो-डाउनलोड बंद करा. एवढ्याने महिन्याची भर बरीच खाली येते.

पंचगंगा

व्हिडिओंसाठी रिकव्हर स्टोरेज पटलं. टेकआउटची विनंती टाकली आहे, भाषा इंग्रजी करून. दोन प्रश्न राहिले. घरी २०१७ चा एक लॅपटॉप पडून आहे, आठ जीबी रॅमचा. त्यावर इमिच (स्वतःच्या संगणकावर चालणारा, गूगल फोटोजसारखा प्रोग्रॅम) बसवून घरचंच गूगल फोटोज करता येईल का? आणि बहिणीचा आयफोन आहे, तिला हेच लागू होतं का?

कीबोर्डकर

इमिच चालेल, आठ जीबी रॅम पुरते. विंडोज काढून डेबियन किंवा उबंटू (दोन्ही लिनक्सचे प्रकार) टाका, त्यावर डॉकर (तयार प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवणारी सोय), आणि इमिचच्या साइटवरची तयार कंपोज फाइल, म्हणजे डॉकरने काय चालवायचं याची यादी. फोटोंची डिस्क बाहेरची चालेल, पण डेटाबेस आतल्या लिनक्स विभाजनावरच ठेवा. एनटीएफएस किंवा एक्सफॅटवर पोस्टग्रेस (इमिच वापरतं तो डेटाबेस) नीट चालत नाही. टेकआउटच्या झिप न उघडता थेट आत घ्यायला 'इमिच-गो' हे टूल वापरा, ते जेसन वाचून तारखा आणि अल्बम दोन्ही बसवतं. पहिल्यांदा चेहरे ओळखण्याचं काम चालू असताना जुना प्रोसेसर दोन-तीन दिवस तापतो. रात्री चालू द्या, बॅटरी फुगलेली असेल तर आधी काढा.

बाहेरून बघायला राउटरवर पोर्ट (इंटरनेटवरून आत यायची वाट) उघडत बसू नका. आपल्याकडच्या बऱ्याच फायबर जोडण्यांवर स्वतःचा पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) नसतोच, त्यामुळे पोर्ट उघडून काही होत नाही. टेलस्केल (आपली उपकरणं खासगी जाळ्यात जोडणारं ॲप) घरच्या सर्व्हरवर, म्हणजे त्या लॅपटॉपवर, आणि फोनवर टाका, तेवढं पुरे. इमिच रोज रात्री डेटाबेसची प्रत काढतं, पण फोटोंची नाही. ती डिस्कवर तुम्हालाच न्यायची आहे. म्हणजे इमिच आला तरी दोन डिस्क लागतातच. अपडेट टाकण्याआधी रिलीज नोट्स (काय बदललं याची टिपणं) वाचायची आणि बिघडलं तर टर्मिनल (कमांड लिहायची खिडकी) उघडायची तयारी असेल तरच या वाटेला जा. वडील एकटे राहत असतील आणि तुम्ही दुसऱ्या शहरात, तर मी प्लॅन आणि दोन डिस्क हेच सुचवेन.

आयफोनचं थोडक्यात: आयक्लाउडची फुकट जागा ५ जीबी. 'ऑप्टिमाइझ आयफोन स्टोरेज' चालू असेल तर फोनमध्ये फक्त छोट्या प्रती असतात. केबलने लॅपटॉपवर घेतले तर मूळ फोटो येत नाहीत. आयक्लाउडच्या साइटवरून किंवा ॲपलच्या प्रायव्हसीच्या पानावरून डेटाची प्रत मागवा.

इंद्रायणी७

पंचगंगा, टेकआउटची लिंक येईपर्यंत एक काम उरकून घ्या. वडिलांच्या खात्यात 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे. खातं किती महिने बंद राहिलं की कुणाला कळवायचं आणि कोणता डेटा द्यायचा हे तिथे ठरवता येतं: ३, ६, १२ किंवा १८ महिने, आणि दहापर्यंत माणसं. तुमचं आणि बहिणीचं नाव, फोन नंबरासकट, तिथे घाला. रिकव्हरीचा नंबर आणि ईमेल आजचे आहेत का तपासा. टू-स्टेप लॉगिनचे (पासवर्डनंतर दुसरी खूण मागणाऱ्या) दहा बॅकअप कोड छापून घरच्या कागदपत्रांच्या फायलीत ठेवा. हे सगळं वडिलांना शेजारी बसवून, त्यांच्या संमतीने करा, म्हणजे कोड कुठे आहेत हे त्यांनाही माहीत राहील.